कोटाच्या आतली खूण: गूढ श्रीमंत पात्र आणि त्याचा दडवलेला भूतकाळ कसा लिहावा

मोठं घर, भरपूर पाहुणे, मोजकं बोलणं, आणि हा माणूस आला कुठून हे कोणालाच नीट माहीत नाही. असं पात्र वाचकाला चटकन खेचून घेतं, म्हणून लिहिणाऱ्यालाही त्याचा मोह होतो. बहुतेक हस्तलिखितं मात्र एकाच ठिकाणी फसतात. लेखकाने दिमाख आधी रंगवलेला असतो आणि भूतकाळ शेवटच्या प्रकरणांत शोधायला घेतलेला असतो. मग तो भूतकाळ कुठलाही चालला असता असं वाटतं. तो तुरुंगात होता, अनाथ होता, कोणाला तरी फसवून पळाला होता, काहीही लावा, आधीची दोनशे पानं जशीच्या तशी राहतात.

याची कसोटी सोपी आहे. पात्राचा भूतकाळ मनातल्या मनात बदलून बघा. दर्शनी रूपातला एकही तपशील बदलावा लागला नाही, तर दोन्हींचा सांधा जुळलेलाच नाही. पुढची सगळी पद्धत हा सांधा जुळवण्याची आहे: भूतकाळ आधी लिहायचा आणि मुखवटा त्याच कापडातून बेतायचा.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू. एक माणूस, वय पंचेचाळीस, अफाट श्रीमंत. आपण पिढीजात व्यापारी घराण्यातले आहोत असं सांगतो. लहानपणी तो इस्त्रीच्या दुकानात कामाला होता. त्याला इथे नुसतं ‘धनिक’ म्हणू.

पहिली पायरी: चार रकान्यांची कालरेषा

कथेचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी एका कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात पात्राचं वय, दुसऱ्यात त्या वयात खरोखर काय घडलं, तिसऱ्यात त्याच काळाबद्दल तो लोकांना काय सांगतो, चौथ्यात खरं माहीत असलेली जिवंत माणसं. दहा ते पंधरा ओळी पुरतात. त्याहून कमी असतील तर खोटं बोलताना पात्र अडखळेल. चाळीस ओळी झाल्या तर त्या सगळ्या कथेत कोंबण्याचा मोह आवरणार नाही.

धनिकाची कालरेषा अशी. वय ११: वडील गेले, इस्त्रीच्या दुकानात काम. सांगतो ते: ‘घरी शिकवायला मास्तर येत.’ वय १९: एका गिऱ्हाइकाचा लोकरीचा कोट इस्त्रीला आला, खिशात एका व्यापारी पेढीचं मुलाखतीचं पत्र होतं. तो कोट घालून हाच मुलाखतीला गेला आणि परत आलाच नाही. सांगतो ते: ‘वडिलांच्या ओळखीने पेढीवर लागलो.’ वय २४: पाण्याने भिजलेल्या कापडाच्या गाठी लिलावात स्वस्तात उचलायला लागला. हात लावताच त्याला कळायचं की यातलं कुठलं कापड पाणी मारून, दाबून पुन्हा उभं राहील आणि कुठलं कायमचं गेलं. सांगतो ते: ‘कापडाची जाण रक्तातच आहे.’ वय ३४: या वेळी गोदामातला माल त्याने स्वतःच भिजवला आणि विम्याचे पैसे घेतले. सांगतो ते: ‘त्या पुराने आम्हाला जवळजवळ बुडवलं होतं.’

तिसरा रकाना नीट बघा. पहिलं मास्तरांचं वाक्य सोडलं तर एकही वाक्य पूर्ण खोटं नाही. पेढीवर तो खरोखर लागला, कापडाची जाण खरोखर आहे, माल खरोखर भिजला. मुरलेला खोटारडा माणूस खऱ्या घटनेचं फक्त कारण बदलतो, कारण घटना खरी असली की तपशील आठवावे लागत नाहीत, ते आपोआप येतात. पात्राला सगळंच खोटं बोलायला लावलंत तर त्याचं बोलणं पोकळ होतं, आणि वाचकाला ते नेमकं सांगता आलं नाही तरी जाणवतं.

चौथा रकाना बहुतेक जण गाळतात. त्यात निदान एक नाव असलंच पाहिजे. धनिकाच्या बाबतीत तो दुकानात त्याच्याबरोबर काम करणारा मुलगा. कोट गायब झाल्याचा आळ त्याच्यावर आला आणि त्याचं काम गेलं. दडवलेल्या भूतकाळाची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरलेली असली की त्या भूतकाळाला वजन येतं. नुसती गरिबी लपवणाऱ्या माणसाची वाचकाला कीव येते. आपल्यामुळे दुसऱ्याची भाकरी गेली हे लपवणाऱ्या माणसाबद्दल मात्र वाचकाला स्वतःशीच निवाडा करावा लागतो, आणि तो करताना तो पुस्तक खाली ठेवत नाही.

दुसरी पायरी: पैसा आला कुठून

‘त्याचे अनेक उद्योग होते’ हे वाक्य हस्तलिखितात दिसलं की तिथे काम बाकी आहे असं समजा. वाचकाला ताळेबंद द्यायचा नसतो, पण लेखकाकडे तो असावा लागतो. चार प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. पहिलं भांडवल कोणाचं? मोठी उडी कोणत्या एका व्यवहारात मारली? त्यातलं बेकायदेशीर काय होतं? आज तो पैसा कशात अडकला आहे?

सर्वात चांगली उत्तरं भूतकाळातल्या कौशल्यातून येतात. धनिकाला ज्याची लाज वाटते तेच काम त्याला श्रीमंत करतं. लपवायची गोष्ट आणि कमाईची गोष्ट एकच असली की पात्र स्वतःशीच अडकतं: कौशल्य दाखवलं तर भूतकाळ उघडा पडतो, लपवलं तर धंदा बसतो. अशी गाठ बांधलेली असली की पुढचे निम्मे प्रसंग आपोआप सुचतात.

या बाबतीत ‘द ग्रेट गॅट्सबी’ या अशाच गूढ श्रीमंत नायकाच्या कादंबरीच्या घडणीचा इतिहास प्रत्येक लिहिणाऱ्याने माहीत करून घ्यावा असा आहे. १९२४ च्या नोव्हेंबरमध्ये संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी हस्तलिखित वाचून लेखक एफ. स्कॉट फिट्झगेराल्ड यांना सविस्तर पत्र लिहिलं. कौतुक भरपूर होतं, पण हरकती नेमक्या होत्या. नायक धूसर आहे, इतर पात्रं डोळ्यांसमोर उभी राहतात तसा तो राहत नाही. त्याची संपत्ती आली कुठून याचे थोडे तरी इशारे हवेत. आणि त्याचं चरित्र एकाच ठिकाणी सलग सांगितलं जातं, ते तुकड्यातुकड्याने बाहेर यावं. फिट्झगेराल्ड यांनी उत्तरात मान्य केलं की गॅट्सबी दिसतो कसा आणि करतो काय हे त्यांनाच नीट ठाऊक नव्हतं. त्यानंतर त्यांनी छपाईआधीच्या मुद्रितांवरच मोठे फेरबदल केले, भूतकाळाचे तुकडे आधीच्या प्रकरणांत पसरले, आणि १० एप्रिल १९२५ ला पुस्तक आलं. आज तो गूढपणाचा नमुना मानला जातो. वाचकाला धूसर दिसणारा माणूस लेखकाला लख्ख दिसावा लागतो, हे त्या दुरुस्तीमागचं गणित.

तिसरी पायरी: मुखवट्याची प्रत्येक वस्तू कुठून आली ते ठरवा

आता पात्राचं दर्शनी रूप लिहा: घर, कपडे, बोलण्याची ढब, मेजवान्या, नाव. प्रत्येक गोष्टीपुढे कालरेषेतलं एक वय लिहा. ज्या गोष्टीपुढे वय लिहिता येत नाही ती बहुधा दुसऱ्या पुस्तकातून किंवा पडद्यावरून उचललेली असते. ती काढा.

माणूस श्रीमंतीची कल्पना करतो ती ज्या वयात अपमान झाला त्या वयाच्या डोक्याने. नंतर पैसा येतो, पण कल्पना त्याच वयात अडकून राहते. म्हणून धनिकाच्या घरात एकोणीस वर्षांच्या पोराला जे थोर वाटलं असतं ते सगळं आहे: जड पडदे, पितळेच्या मुठी, न वाचलेल्या पुस्तकांची भिंत. जन्मजात श्रीमंत पाहुण्यांना त्या घरात काहीतरी जास्त झाल्यासारखं वाटतं. हा सूक्ष्म अतिरेक निवेदनात एकदाच, एका वस्तूतून दाखवा. दर प्रकरणात दाखवलात तर थट्टा होते आणि पात्राची प्रतिष्ठा जाते.

नावावर वेगळी मेहनत घ्या. नवं नाव घेताना माणूस सहसा जुन्यातलं काहीतरी राखतो किंवा हाताशी असलेल्या गोष्टीला जुळवून घेतो. धनिकाच्या त्या पहिल्या कोटाच्या अस्तरावर मूळ मालकाची दोन आद्याक्षरं भरतकामात होती. ती उसवली असती तर अस्तर फाटलं असतं. म्हणून त्याने त्या दोन अक्षरांना बसेल असं नाव निवडलं. आज ती अक्षरं त्याच्या फाटकावर, रुमालावर, गाड्यांवर आहेत. हे वाचकाला तीनशेव्या पानावर कळतं तेव्हा पहिल्या पानावरचं फाटक वेगळं दिसायला लागतं.

चौथी पायरी: फटी

फट म्हणजे मुखवट्यातून आतलं दिसणारी जागा. फटी चार ठिकाणी पडतात: शरीरात, भाषेत, माहितीत आणि पैशाच्या वागणुकीत.

शरीर सगळ्यात विश्वासाचं, कारण हात खोटं बोलायला फार उशिरा शिकतात. धनिकाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला इस्त्रीच्या कडेचा जुना चटका असेल. कोणी आत आलं की त्याची नजर आधी कॉलरवर जाईल, मग खांद्यावर, मग बाह्यांवर, कारण सदरा इस्त्री करण्याचा क्रम तोच असतो. असे तपशील धंदा माहीत असल्याशिवाय सुचत नाहीत. पात्राला जे जुनं काम द्याल ते करणाऱ्या माणसाशेजारी निदान एक दिवस बसा, आणि तो काय करतो यापेक्षा नकळत काय करतो ते टिपा.

भाषेतली फट म्हणजे जुन्या धंद्याचा शब्द चुकीच्या ठिकाणी येणं. गडद कापड उलट्या बाजूने इस्त्री करतात, नाहीतर वरून चकाकी येते. म्हणून धनिक कराराचे कागद हातात आले की म्हणतो, ‘आधी उलट्या बाजूने बघू द्या.’ ऐकणाऱ्यांना ती हुशारी वाटते. वाचकालाही. पुढे खरं कळल्यावर तेच वाक्य दुसऱ्यांदा उघडतं. असा एकच शब्दप्रयोग घ्या आणि संपूर्ण कादंबरीत तीन वेळा वापरा. एकदाच आला तर विसरला जातो, सात वेळा आला तर तकियाकलाम होतो.

माहितीतल्या फटीला दोन बाजू असतात. माहीत असायला नको ते माहीत असतं, किंवा माहीत असायलाच हवं ते नसतं. दुसरी बाजू जास्त उपयोगी पडते, कारण मुखवटा घालणारा आपल्याला काय माहीत नाही हे स्वतःच जाणत नाही. घरी मास्तर येत असं सांगणाऱ्याला एकाही मास्तरांचं नाव पटकन सांगता येत नाही.

पैशाच्या बाबतीत, नव्याने श्रीमंत झालेला माणूस मोठी रक्कम बेफिकीरपणे देतो आणि छोट्या रकमेला अडतो. लाखाचा व्यवहार मान हलवून होतो, पण कोणी मेणबत्ती विनाकारण जळत ठेवली तर तो उठून विझवतो. लहानपणी मोजलेल्या गोष्टी तो आयुष्यभर मोजत राहतो.

आता एक फट जवळून बघू. पहिल्या खर्ड्यात साधारण असं लिहिलं जातं:

‘त्याच्या डोळ्यांत एक गूढ वेदना होती. जणू त्याच्या भूतकाळात काहीतरी दडलेलं होतं.’

या दोन वाक्यांत वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. वेदना आहे असं सांगितलं, दडलेलं आहे असंही सांगितलं, म्हणजे लेखकाने फट न पाडता तिच्यावर पाटी लावली. त्याच जागी हे बघा:

‘मेजावरच्या पांढऱ्या चादरीला मधोमध घडीची रेघ राहिली होती. बोलता बोलता धनिकाने पेल्यात बोटं बुडवली, रेघेवर पाणी शिंपडलं, तळव्याने एकदाच दाबून कडेपर्यंत ओढत नेलं. रेघ गेली. समोरची बाई पेल्याकडे बघत होती. त्याने हात खिशात घातला आणि जेवण संपेपर्यंत बाहेर काढला नाही.’

इथे भूतकाळ हा शब्द नाही. कृती आहे, ती सफाईदार आहे, एक साक्षीदार आहे आणि नंतरची लपवाछपवी आहे. चांगल्या फटीला हे चारही घटक लागतात. सफाई नसेल तर कृती अपघाती वाटते. साक्षीदार नसेल तर ताण येत नाही. आणि शेवटचा हात खिशात गेला नाही, तर वाचकाच्या लक्षातच येत नाही की काही घडलं. ‘तिला आश्चर्य वाटलं’ असं पुढे जोडू नका, त्या एका वाक्याने आधीची पाच वाया जातात.

साठ हजार शब्दांच्या कादंबरीत उकल होण्याआधी अशा पाच ते सात फटी पुरतात. चार हजार शब्दांच्या कथेत दोन.

पाचवी पायरी: सांगतो कोण

या पात्राच्या डोक्यात शिरून गोष्ट सांगायची ठरवलीत तर एक अडचण लगेच उभी राहते. ज्याच्या मनात आपण बसलो आहोत तो आपल्याला आवडलेली खुर्ची सांगतो, जुनी आठवण सांगतो, आणि नेमकी मुख्य गोष्ट सांगत नाही. उकल झाल्यावर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं बरोबर असतं. म्हणून गूढ टिकवायचं असेल तर त्याच्या मनात एकदाही जाऊ नका. मधल्याच एखाद्या प्रकरणात ‘त्याला ती रात्र आठवली’ असं घसरणं ही या प्रकारातली सर्वात जास्त दिसणारी चूक आहे, आणि ती सहसा तेव्हा होते जेव्हा लेखक स्वतःच कंटाळलेला असतो.

बाजूला उभा राहून बघणारा निवेदक उत्तम, पण त्याला बघण्याचं कारण हवं. नुसतं कुतूहल पन्नास पानांनी आटतं. धनिकाची गोष्ट सांगायला त्याच्याकडे नुकताच लागलेला हिशेबनीस घ्या. त्याला नोकरी टिकवायची आहे, म्हणून प्रश्न विचारता येत नाहीत, आणि वह्या त्याच्याच हातात आहेत, म्हणून डोळे मिटता येत नाहीत.

भूतकाळ वाचकाला सुरुवातीलाच सांगून टाकण्याचाही मार्ग आहे. मग प्रश्न ‘हा कोण?’ असा राहत नाही, ‘हे कधी उघडं पडणार?’ असा होतो. १८४४ ते १८४६ दरम्यान क्रमशः आलेल्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीमध्ये नाव बदलून परतलेला काउंट खरा कोण आहे हे वाचकाला कळतं, त्याच्या शत्रूंना नाही. १८८६ च्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’मध्ये नायक दारूच्या नशेत जत्रेत बायकोला विकतो तिथूनच गोष्ट सुरू होते, आणि अठरा-एक वर्षांनी आपण त्याला शहराचा महापौर म्हणून बघतो. निवड अशी करा: भूतकाळातली घटना एका वाक्यात सांगितली तरी धक्का बसत असेल तर ती आधी सांगा आणि ताणावर गोष्ट चालवा. घटना साधी असेल, पण ती लपवण्याची धडपड मोठी असेल, तर मागे ठेवा. धनिकाचा कोट दुसऱ्या प्रकारात बसतो.

सहावी पायरी: अफवा आणि प्रवेश

पात्र समोर येण्याआधी त्याच्याबद्दल बोललं जातं. तीन अफवा घ्या, चारपेक्षा जास्त नकोत. त्या एकमेकींशी जुळू नयेत. प्रत्येक अफवेतून ती सांगणाऱ्याचा स्वार्थ दिसावा: हरलेला व्यापारी म्हणतो याने कोणाला तरी लुबाडलं, मुलीचं लग्न जमवू बघणारी आई म्हणते हा मोठ्या घराण्यातला. आणि एका अफवेत सत्याचा कण असावा, तोही सर्वात अविश्वसनीय माणसाच्या तोंडी. धनिकाबद्दल एक दारुडा म्हणतो, ‘त्याचा पहिला कोट त्याचा नव्हता.’ सगळे हसतात. लेखकानेही त्या वाक्याकडे वळून बघू नये.

प्रवेश लांबवा, पण हद्दीत. गॅट्सबी नऊ प्रकरणांच्या पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात बोलायला लागतो, आणि त्याआधी पहिल्याच्या शेवटी दुरून दिसतो. साधारण पहिल्या चतुर्थांशाच्या आत प्रवेश झाला पाहिजे. त्यापुढे गेलं की वाचक वाट बघणं सोडतो. प्रवेशात पात्राला त्याच्या ख्यातीपेक्षा लहान काम करताना दाखवा. धनिक स्वतःच्या मेजवानीत कपडे ठेवण्याच्या खोलीत उभा राहून पाहुण्यांचे कोट नीट टांगतो आहे, आणि हिशेबनीस त्याला नोकर समजून आपला कोट त्याच्या हातात देतो. धनिक तो घेतो, झटकतो, टांगतो. एक शब्द बोलत नाही.

सातवी पायरी: भूतकाळ किती, कुठे आणि कोणाच्या तोंडून

इथे सर्वात जास्त वेळ द्या. साठ हजार शब्दांसाठी पाच हप्ते धरा आणि प्रत्येक हप्त्याचा मार्ग वेगळा ठेवा. साधारण बारा हजार शब्दांवर पात्राचं स्वतःचं, सजवलेलं कथन. पंचवीस हजारांवर त्याला छेद देणारी वस्तू किंवा कागद. पस्तीस हजारांवर जुना साक्षीदार. अठ्ठेचाळीस हजारांवर पात्राची स्वतःची कबुली. आणि शेवटच्या तीन-चार हजारांत एक उरलेला तुकडा, जो पात्राने कधीच सांगितला नसता.

क्रमाला कारण आहे. वस्तू साक्षीदाराच्या आधी यावी, कारण वस्तू प्रश्न निर्माण करते आणि माणूस उत्तर देतो. उलटं केलं तर वस्तू नुसता पुरावा होते. कबुली साक्षीदारानंतर यावी, कारण तोवर वाचकाला काय घडलं हे कळलेलं असतं आणि कबुलीत फक्त ‘का’ एवढंच ऐकायचं असतं. म्हणून कबुली छोटी ठेवा, दीड पान. चार पानांची कबुली आली तर समजा की आधीच्या हप्त्यांत काहीतरी राहून गेलं आहे.

धनिकाच्या बाबतीत ती वस्तू म्हणजे कोटच. धुलाई-इस्त्रीच्या दुकानात कपडे मिसळू नयेत म्हणून कॉलरच्या आत शाईने खूण करतात. कपाटाच्या तळाशी ठेवलेला जुना, कसर लागलेला लोकरीचा कोट हिशेबनिसाला सापडतो, आणि कॉलरच्या आत अशी एक खूण असते. नाव नाही, पत्ता नाही, नुसती एक आडवी रेघ आणि दोन ठिपके. पुढच्या हप्त्यात अकाली म्हातारा झालेला तो दुसरा मुलगा भेटतो. हिशेबनीस कागदावर रेघ आणि ठिपके काढून दाखवतो, तो म्हातारा आपल्याच सदऱ्याची कॉलर उलटून दाखवतो. संवाद नसला तरी चालतो.

प्रत्येक हप्त्यानंतर वर्तमानात कोणीतरी काहीतरी वेगळं केलं पाहिजे: नोकरी सोडली, सौदा मोडला, पत्र फाडलं, गप्प बसायचं ठरवलं. भूतकाळ कळला आणि दुसऱ्या दिवशी सगळे तसेच वागले, तर तो हप्ता गाळून बघा. बहुधा काहीच बिघडणार नाही, आणि तेच त्याचं दुखणं आहे.

याबरोबरच एक दुसरा तक्ता ठेवा: आडव्या ओळीत पात्रं, उभ्या रकान्यात भूतकाळातल्या सहा-सात गोष्टी, आणि कोणाला काय कितव्या प्रकरणात कळलं त्याची खूण. ज्याला अजून कळलेलं नाही ते माहीत असल्यासारखं पात्र बोलतं ही चूक तिसऱ्या खर्ड्यापर्यंत टिकते, आणि ती डोळ्यांनी सापडत नाही, तक्त्यानेच सापडते.

आजच्या काळातली गोष्ट असेल तर

मोबाइल आणि इंटरनेट असलेल्या जगात ‘कोणालाच काही माहीत नव्हतं’ हे वाचक पटकन मान्य करत नाही. त्याचं उत्तर कथेत एकदा, लवकर द्या. गरिबीत वाढलेल्या माणसाचे लहानपणीचे फोटोच नसतात, हे सर्वात स्वाभाविक उत्तर. दुसरं, त्याने स्वतःबद्दलची इतकी गुळगुळीत माहिती पसरवून ठेवली आहे की शोधणाऱ्याला तीच ती सापडते. नाव बदलण्याची कायदेशीर नोंद राहते, हेही विसरू नका. ती नोंद हाच तुमचा कागदाचा हप्ता होऊ शकतो.

कुठे बिघडतं आणि का

पात्र रागीट, एकटं आणि देखणं एवढंच उरलं असेल, तर कारण सहसा हे असतं की त्याला वर्तमानात काहीच हवं नाही. लपवणं ही इच्छा होऊ शकत नाही, तो अडथळा असतो. धनिकाला काय हवं ते ठरवा: त्या दुसऱ्या मुलाला शोधून काहीतरी द्यायचं आहे, पण दिलं तर कारण सांगावं लागेल.

उकल झाल्यावर वाचक ‘एवढंच?’ म्हणत असेल, तर गुपित लहान आहे असं समजून ते फुगवू नका. चोरीच्या जागी खून आणू नका. अडचण जवळजवळ नेहमी आधीच्या भागात असते: उघडं पडल्यास काय जाईल हे वाचकाला दिसलेलं नसतं. उकल होण्याच्या तीस-चाळीस पानं आधी एक प्रसंग असा हवा की ज्यात धनिकाला पहिल्यांदाच मुखवट्याशिवाय कोणीतरी आपलं म्हणतं. त्यानंतर तोच कोट पुरेसा जड होतो.

आणि शेवटी सगळी दोषमुक्ती करून टाकू नका. गरिबी, अपमान, लहान वय, सगळी कारणं खरी असली तरी दुसऱ्या मुलाची नोकरी गेलीच. हे निवेदकाने तोलून सांगायचं नसतं. दोन्ही गोष्टी पानावर जवळजवळ ठेवा आणि पुढे जा.

दुरुस्तीच्या तीन फेऱ्या

पहिल्या फेरीत फक्त या पात्राचे संवाद वेगळे काढून सलग वाचा. खोटं आणि खरं एकाच लयीत आलं पाहिजे. खोटं बोलताना वाक्यं लांबत असतील तर छाटा.

दुसऱ्या फेरीत ‘गूढ’, ‘रहस्य’, ‘अनाकलनीय’, ‘कुणालाच माहीत नव्हतं’, ‘जणू काही’ हे शब्द शोधा आणि प्रत्येक जागी खूण करा. त्यातल्या दहापैकी नऊ जागी एक तर फट हवी, नाहीतर काहीच नको.

तिसरी फेरी शेवटाकडून सुरुवातीकडे, प्रकरणं उलट्या क्रमाने. सगळं माहीत असताना पहिलं प्रकरण वाचताना निदान तीन वाक्यांचा अर्थ बदललेला दिसला पाहिजे. दिसला नाही तर फटी उशिरा सुरू झाल्या आहेत, त्यातली एक उचलून पहिल्या दहा पानांत आणा. त्याच फेरीत कालरेषेचा कागद शेजारी ठेवा आणि कथेत आलेली प्रत्येक ओळ खोडत जा. शेवटी एक ओळ न खोडलेली राहू द्या. धनिकाच्या बाबतीत ती वय १९ ची दुसरी ओळ: पत्र ज्याच्या नावाचं होतं तो माणूस कोट न्यायला त्या संध्याकाळी दुकानात आला होता का.